सारसाची बांधी

माझा लेक टेकचंद पाहुण्यांसमोर रडायचा. खोटं नाही, खरंखुरं पाणी यायचं त्याच्या डोळ्यांत. आमच्या धानाच्या खोल बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे खाचराच्या बांधावर, उभा राहायचा, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर कुठल्याशा संस्थेनं दिलेली हिरवी टोपी, आणि नागपूरहून, रायपूरहून गाड्या करून आलेल्या लोकांना शहरी भाषेत सांगायचा, "हा जो नर आहे ना, हा स्वतः अंड्यांवर बसतो. मादीला म्हणतो, तू जा, खाऊन ये, मी आहे. जन्माची जोडी आहे यांची. माणसानं शिकलं पाहिजे." इथं त्याचा आवाज चिरायचा. टोपी काढून छातीशी धरायचा. एखादी पाहुणी ओढणीनं नाक पुसायची, दुसरी त्याचाच फोटो काढायची. सारस राहायचे बाजूला.

मी पलीकडच्या बांधीत वाकून धान निंदत असायची. माझ्यासोबत झेलन असायची. माझी नव्हे कोणी, पण माझं लग्न होऊन मी या टोल्यावर, या लहानशा वस्तीत, आले तेव्हापासून आम्ही एकाच चिखलात. ती तोंडाला पदर लावून म्हणायची, "बाई, टेकचंदाचे डोळे पाहा. बोडी भरली."

"बोडीत मासे तरी असते," मी म्हणायची.

हसू यायचं तेव्हा. नंतर नंतर शिसारी येऊ लागली. कारण याची बायको, भुमेश्वरी, माहेरी बाळंत झाली होती. दिवस पुरे भरायच्या आधीच पोरगी झाली, मुठीएवढी. पेटीत ठेवली होती दवाखान्यात, मग घरी आणली. आणि या जन्माच्या जोडीवाल्यानं अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

आमच्या घरची रीत अशी की बाळंतीण माहेराहून परत येते ती सुपातून. म्हणजे लेकरू सुपात ठेवायचं, खाली मूठभर धान पसरायचं, त्यावर जुन्या धोतराचं फडकं, आणि ते सूप बापानं दोन्ही हातांवर धरून सासरच्या उंबऱ्याच्या आत आणायचं. दुसऱ्या कोणी आणायचं नाही. टेकचंदाला त्याच्या बापानं तसाच आणला. वाटेत पाऊस आला तर त्यांनी अंगातला सदरा काढून सुपावर धरला होता आणि स्वतः उघडे, नखशिखांत भिजून दारात उभे राहिले होते. सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, बाळंत कोण झालं, तू का ती? ते गेले, पण सूप तेच आहे. मी ते दरवर्षी शेणानं सारवून ठेवते.

मी टेकचंदाला रोज विचारायची, "कधी जाशील?"

"तेच पाठवत नाई, माय. व्याही म्हनते दिवाळी होऊ द्या."

"दिवाळी? पोरगी त्यायची हाय का आपली?"

"आता कसं भांडावं, सांग. बाळंतिणीचं घर हाय."

मी व्याह्यांना शिव्या घातल्या. उघड्यावर घातल्या, विहिरीवर घातल्या. झेलनला म्हणाले, पाहिलं का, माझी नात दाबून ठेवली लोकांनी. मी दुसरीत शाळा सोडली, पण माणूस ओळखायला मला पाटी लागत नाही असं मला वाटायचं. पोटचं पोर मात्र ओळखलं नाही.

सारसाचं सांगते. सारस म्हणजे बगळा नव्हे, करकोचाही नव्हे. उभा राहिला की डोकं माझ्या डोक्याला लागतं. राखाडी अंग, आणि मान वरून लाल, जशी कोणी शेंदराच्या भांड्यात बुडवून काढली. नर मान मागं टाकून एकदा हाक देतो, मादी दोनदा उत्तर देते, आणि ती हाक अख्ख्या टोल्यावर जाते. आमची खोल बांधी बोडीला, त्या लहान तळ्याला, लागून आहे. सासऱ्यांच्या वेळेपासून जोडी तिथंच बसते. आजूबाजूचा धान आणि गवत उपटून पाण्याच्या मधोमध ढीग रचतात, त्यावर अंडी घालतात. ढिगाभोवती उघडं पाणी राहतं. तेच त्यांचं कुंपण. कुत्रं पाण्यात उतरलं की चुबुक चुबुक वाजतं आणि सारस सावध होतात. म्हणून आमच्याकडं नियम आहे. घरटं पडलं की त्या बांधीचं पाणी सोडायचं नाही. पिल्लं चालती होईपर्यंत धुऱ्याचं तोंड बंद. ती बांधी आम्ही सगळ्यांत शेवटी कापतो. थोडा धान सडतो, सडू द्या. सासरे म्हणायचे, एवढ्यानं आपण उपाशी मरत नाही.

त्या वर्षी दोन अंडी होती. नर-मादी आळीपाळीनं बसत. एकाची पाळी संपली की दुसरा घरट्याशी येऊन मान खाली घालून गुरगुरल्यासारखा आवाज करी, मग पहिला उठून पाय ताणी, जशी मी निंदून उठल्यावर कंबर ताणते. पहिलं पिल्लू निघालं ते थोराड होतं, दालचिनीच्या सालीच्या रंगाचं, निघालं की दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरून आईमागं पोहायला लागलं. दुसरं मागून निघालं. ते लहान होतं, एक पाय ओढत चाले. बाप त्याच्यासाठी थांबे. किडा चोचीत धरून मान खाली करून उभा राही, आणि ते लहानगं दोनदा चुकून तिसऱ्यांदा घेई. तोवर हलत नसे.

झेलन म्हणाली, "हे काही राहत नाई, बाई."

"तुले कोनी विचारलं?" मी म्हणाले.

त्याच आठवड्यात नागपूरहून मोठी पार्टी येणार होती. त्यांत बापट मॅडम म्हणून होत्या, त्याच संस्थेच्या. चांगल्या बाई होत्या, मला "मावशी" म्हणायच्या आणि चहा मागून घ्यायच्या. त्यांच्या लोकांना पिल्लं जवळून पाहायची होती. टेकचंद दोन दिवस धुऱ्यावर येरझाऱ्या घालत होता. बांधीत गुडघाभर पाणी आणि खाली चिखल. पाहुण्यांचे बूट पांढरे.

पाहुणे यायच्या दिवशी पहाट फुटली न फुटली, मी बोडीवर भांडी घेऊन गेले होते. हाक ऐकली. रोजची नव्हे, तुटक तुटक, फाटल्यासारखी. उठून पाहिलं तर गावातलं पिवळं कुत्रं बांधीतून धावत चाललं होतं. पोहत नव्हतं, धावत होतं. त्याच्या तोंडात दालचिनीच्या रंगाचं काहीतरी लटकत होतं, आणि मादी पंख पसरून त्याच्या मागं, एकदा उडत, एकदा धावत. मी हातातली पातेली फेकली. लागली नाही. कुत्रं धुरा ओलांडून बाभळीत गेलं.

मी लुगडं वर खोचून घरट्याकडं निघाले आणि चार पावलांत थांबले. माझे पाय घोट्यापर्यंतही भिजले नव्हते. काल जिथं गुडघाभर पाणी होतं तिथं नुसता चकाकता चिखल, त्यात कुत्र्याच्या पंजांची सरळ रांग.

नर घरट्यापाशी उभा होता. मादीच्या मागं गेला नव्हता. पंख अर्धे उघडे धरून तो एका जागी फिरत होता, आणि त्याच्या पायांत ते लहानगं पडून होतं, चिखलाला चिकटून, मेल्यासारखं. सारसाची पिल्लं तशीच करतात, आईबापांनी इशाऱ्याची हाक दिली की जमिनीला चिकटतात आणि हलत नाहीत. थोरलं पिल्लू धीट होतं, ते धावलं, म्हणून सापडलं. हे पडून राहिलं. नरानं माझ्याकडं पाहिलं, चोच उघडली, फूत्कार सोडला. मी मागं सरले. त्या क्षणी मला त्याची भीती वाटली आणि बरंही वाटलं.

मग मी धुरा पाहत गेले. बोडीच्या बाजूला नाही, खालच्या नाल्याच्या बाजूला, जिथं तोंड असतं, तिथं हातभर रुंद कापलं होतं. रात्रभर पाणी गेलं होतं. टेकचंद तोवर धावत आला, टोपी न घालता.

"माय! काय झालं?"

"पानी गेलं."

तो वाकून पाहायला लागला. "खेकड्यानं फोडला असन. यंदा खेकडे लय हाय."

मी काठाकडं बोट दाखवलं. दोन्ही बाजू अशा सरळ कापल्या होत्या, जशी भाजलेली वीट. बाजूला काढलेली ढेकळं नीट रचून ठेवली होती, परत लावायला सोपं जावं म्हणून.

"खेकडा फावडा घेऊन फिरतो का रे आता?"

त्यानं पायानं एक ढेकूळ सरकवलं. मग म्हणाला, "थोडंच सोडलं होतं. पाहुणे गेले की परत बांधणार होतो. पाहुण्यांना पाण्यात कसं नेऊ? बाया आहे त्यायच्यात. पाण्यात त्या येणार नाई, आन् आल्या नाई तं..." तेवढ्यात त्याचं लक्ष घरट्याकडं गेलं. "एक हाय ना अजून? एक दिसते ना?"

बस. एवढंच विचारलं त्यानं. एक आहे ना. दाखवायला पुरतं ना.

मला त्याच्या तोंडाकडं पाहवलं नाही. झेलन आली, आम्ही दोघींनी मिळून धुऱ्याचं तोंड बुजवलं. ढेकूळ, त्यावर पेंढा, परत ढेकूळ, पायानं दाबून दाबून. मग बोडीचं पाणी वरून आत घेतलं. दुपार होईस्तोवर घरट्याभोवती पुन्हा पाणी उभं राहिलं. मादी परत आली. बराच वेळ ती बाभळीच्या बाजूला चालत जायची, थांबायची, एकदा हाक द्यायची. नर उत्तर देत नव्हता, कारण तो लहानग्यावर पंख टाकून बसला होता.

पाहुणे आले. मी पलीकडच्या बांधीतच होते, हात चिखलानं भरलेले. टेकचंद टोपी घालून, दुर्बीण लावून, पुन्हा तोच.

"दोन पिल्लं होती," तो सांगत होता. "एक कमजोर होतं. निसर्गाचा नियम आहे. जे कमजोर असतं ते जातं. आईबाप त्याला सोडून देतात आणि मजबूत पिल्लावर सगळं लक्ष देतात. कठोर वाटतं आपल्याला, पण असंच असतं." आणि आवाज चिरला. टोपी निघाली.

"अरेरे," बापट मॅडम म्हणाल्या. "मग हे मोठं पिल्लू आहे तर!"

"हो मॅडम. हे मजबूत."

झेलननं विळा खाली ठेवला. "काय म्हनून रायला हा?"

मी म्हणाले, "काम कर."

पण माझ्या हातांनी काम होईना. मी घरी गेले. गाईंच्या कोठ्यात शेण काढायला बसले, कारण काही राग आला की मी शेण काढते, त्यानं डोकं थंड होतं. कोठ्याच्या मागच्या भिंतीशी फोनला रेंज येते. बाकी टोल्यावर कुठं येत नाही. पाहुणे चहा पीत ओसरीवर बसले होते आणि टेकचंद फोन घेऊन मागं आला. भिंत कुडाची. मी आत होते हे त्याला माहीत नव्हतं.

"हां, खेमराज भाऊ, बोला." खेमराज म्हणजे भुमेश्वरीचा थोरला भाऊ. "नाई, या आठवड्यात नाई जमत. पाहुणे हाय... वजन किती झालं?... मंजे वाढलं म्हनाले तेवढं काही वाढलं नाई... नाई नाई, तसं नाई. मी काय म्हनतो, अजून थोडं पाहू ना. डॉक्टरच म्हनते कमजोर हाय. राहिली तं येतोच मी गाडी करून. आन् नाई राहिली, तं भुमाले आनाले तसंबी यावंच लागन. दोनदा फेरा काहाले?"

मग थोडा वेळ तो ऐकत होता. मग म्हणाला, "माय? मायले काय सांगू? मायले मी सांगितलं तुमीच पाठवत नाई म्हनून. तिचं तोंड तुमाले माहीतच हाय."

मी शेणाचा गोळा हातात धरून बसले होते. तो गोळा मी खाली ठेवला. उठले नाही, ओरडले नाही. ओरडायला समोर कोणीतरी लागतं. मला वाटलं, हा माझ्या पोटात नऊ महिने होता. मी उठून हात धुतले, आणि आत जाऊन खुंटीवरचं सूप काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीनं गेले. टेकचंदाला म्हणाले, बहिणीकडं चालले. तो म्हणाला, उद्या लवकर ये, माय, संस्थेवाले माझा सत्कार करणार हाय, तू पाहिजे. म्हटलं, येते. सूप मी जुन्या लुगड्यात गुंडाळून नेलं. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, सूप घेऊन कुठं? म्हटलं, नातीला पाखडायला. ती माझ्यापासून थोडी दूर सरकली.

व्याह्यांच्या दारात मी पोहोचले तेव्हा त्यांनी काही मला "या" म्हटलं नाही. का म्हणतील? माझे शब्द त्यांच्या विहिरीपर्यंत पोहोचलेच असतील. विहीणबाईंनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेल्या. ओसरीवर व्याही बाजेवर टेकून बसले होते. भर दिवसा सदरा काढून. उघड्या छातीला पंचा आडवा बांधला होता, आणि पंचातून एक टकलू डोकं बाहेर निघालं होतं, संत्र्याएवढं. म्हातारा हलत नव्हता. श्वाससुद्धा जपून घेत होता.

मला पाहून त्यांनी डोळ्यांनी बसायची खूण केली. हळू आवाजात म्हणाले, "उठवू नका. आताच डोळा लागला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कातड्याले कातडं पाहिजे हिला, ऊब पाहिजे. भुमा झोपली की मी घेतो. मी थकलो की खेमराज. तो घरी असला तं."

मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. माझं तोंड, ज्याची टोल्यावर सगळ्यांना धास्ती, ते उघडलंच नाही.

भुमेश्वरी उठून बाहेर आली. वाळली होती. पण मान ताठ. माझ्या पाया पडली नाही. मला ते आवडलं.

"तो नाई आला?" ती म्हणाली.

"नाई."

"तुमाले पाठवलं?"

"मले कोन पाठवते? मी माझ्या पायानं आली."

"मंग जेवून जा, माय. मी येत नाई." ती बापापाशी खाली बसली, पंचातून निघालेल्या डोक्यावर एक बोट ठेवलं. "तो टीव्हीत दिसला. इथल्या चॅनलवर. सारसाचं सांगून राहिला होता, नर कसा बसते, नर कसा मायेचा. माझ्या मायनं टीव्ही बंद केला. मी म्हटलं, बंद काहाले करता, पाहू द्या ना, आपल्या पोरीचा बाप कसा हाय ते मालूम तं होऊ द्या."

विहीणबाई दारातून म्हणाल्या, "आमी पाठवत नाई म्हने! आमी रोज फोन लावून रायलो. तुमी विहिरीवर आमाले काय काय म्हनले ते आमच्या कानावर आलं, बाई."

"म्हनले," मी म्हणाले. "चुकीच्या मान्साले म्हनले. आता योग्य मान्साले म्हनन."

आणि मी गुंडाळलेलं लुगडं सोडून सूप बाहेर काढलं.

भुमेश्वरीनं सूप ओळखलं. बराच वेळ पाहत राहिली. "रीत बापाची हाय."

"बाप नसन तं आजी आनत होती. माझ्या सासूच्या वेळेस झालं हाय तसं."

"हिचा बाप हाय ना पण. जिता हाय."

मी पदरानं सूप पुसत राहिले. ती माझ्याकडं पाहत होती आणि तिला माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, तिनं विचारलं, "काय म्हनला तो? खेमराजदादाले फोनवर काय म्हनला? दादा मले सांगत नाई."

व्याह्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणजे त्यांना माहीत होतं.

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितलं. लपवलं असतं तर मीही त्याच्याच रांगेतली झाले असते. भुमेश्वरी रडली नाही. उठून आत गेली, भांड्यांचा आवाज आला, मग पोलक्याची बटणं लावत बाहेर आली आणि बापाकडून पोरगी घेऊन स्वतःच्या छातीशी बांधली.

"येते मी," ती म्हणाली. "पण त्याची बायको म्हनून नाई. आन् पोरगी त्याच्या हातात जानार नाई. त्यानं मांगितली तं?"

"सूप माझ्या हातात राहीन," मी म्हणाले.

"चार लोकांपुढं मांगितली तं? तो चार लोकांपुढंच मांगन, माय. तुमाले मालूम नाई का तो?"

"आता मालूम हाय."

त्या रात्री मी तिथंच राहिले, जेवले. विहीणबाईंनी भाजीत मीठ जास्त घातलं होतं, मुद्दाम. मी मुकाट्यानं खाल्लं. निघताना व्याह्यांनी पंचा धुऊन घडी करून सुपात ठेवला. म्हणाले, ऊब तशीच ठेवा.

खेमराजनं जीप केली. आम्ही दुपारी टोल्याकडं वळलो तेव्हा खोल बांधीच्या कडेनं रस्ता जातो तिथं मी गाडी थांबवायला लावली. वाटेत भुमेश्वरीला पिल्लांचं सांगून झालं होतं. पाणी उभं होतं. नर पुढं, मादी मागं, आणि मधे ते लहानगं, पाय ओढत. धुरा आला. त्याला चढता येईना. दोनदा घसरलं. नर धुरा ओलांडून गेला होता, तो परत आला, खालच्या बाजूला उभा राहिला. तिसऱ्यांदा ते वर गेलं.

"हे ते?" भुमेश्वरीनं विचारलं.

"हे ते कमजोर."

घरापुढं मंडप होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, माईक, टेबलावर शाल आणि नारळ. झेलन मागं उभी होती, मला पाहून पदर तोंडाशी नेला. टेकचंद माईकपाशी होता, हिरवी टोपी, बापट मॅडम शेजारी. तो म्हणत होता, "बाप काय असतो, हे मला या पक्ष्यानं शिकवलं."

मग त्यानं आम्हाला पाहिलं. मी पुढं, दोन्ही हातांवर सूप, सुपात धान, धानावर फडकं, फडक्यावर पंच्यात गुंडाळलेली माझी नात, जागी, डोळे उघडे. मागं भुमेश्वरी.

एक क्षण त्याच्या तोंडावर भीती होती. ती मी पाहिली. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं, कॅमेरे पाहिले, आणि तोंड बदललं. धावत आला. डोळ्यांत पाणी, खरंखुरं.

"माझी लक्ष्मी आली!" तो मोठ्यानं म्हणाला, आणि टोपी काढून काखेत धरून दोन्ही हात सुपाखाली घातले. खुर्च्यांवरचे लोक उठले. कोणीतरी टाळी वाजवली. बापट मॅडमनी डोळ्यांना रुमाल लावला. "फोटो, फोटो," कोणीतरी म्हणालं, "वडिलांच्या हातात येऊ दे."

भुमेश्वरी माझ्या अगदी मागं येऊन उभी राहिली. तिचा श्वास मला मानेवर लागत होता.

"हात काढ," मी म्हणाले.

"माय, लोक पाहून राहिले," तो दातांतून म्हणाला, हसत.

"पाहू दे. म्हनूनच बोलून राहिली." मी आवाज चढवला, टोल्यावर सगळ्यांना माहीत आहे तो आवाज, माईक लागला नाही. "मोठं पिल्लू कुत्र्यानं नेलं, तो धुरा तू फावड्यानं फोडला म्हनून, या लोकांचे बूट भिजू नये म्हनून. जे राहिलं ते कमजोर हाय, आन् त्याचा बाप त्याच्यापाशी उभा होता म्हनून राहिलं. हिच्याजोगंच. हिले हिच्या आजोबानं सदरा काढून छातीशी धरली तवा राहिली. तू म्हनला होता ना, राहिली तं येतो, दोनदा फेरा काहाले? पाह्य, राहिली हाय. पन तुह्यासाठी नाई राहिली. तुले एकबी फेरा नाई लागला, टेकचंद. बापाचे हात हे नव्हे, हे पाहुण्याचे हात हाय. हे घर माझं हाय, हिचं हाय, हिच्या मायचं हाय. आजपासून तू पाहुणा. जा, पाहुण्यांत बस."